पाण्याचं फळ

साबणसरांच्या खात्यात पाण्याचं फळ कधीच सडत नसे, आणि ही गोष्ट खात्यातले लोक बाहेरच्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकत. पाहुणा खुर्चीत नीट बसलेलाही नसे.

पाण्याचं फळ म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. टोमॅटो कुजवणाऱ्या बुरश्यांवर तिथे संशोधन चाले. दहा पिकलेले टोमॅटो घ्यायचे, स्पिरिटने पुसायचे, प्रत्येकाला ठरलेल्या जागी सुईने टोचायचं. नऊ फळांच्या भोकांत बुरशीचे बीजाणू मिसळलेल्या पाण्याचा एकेक थेंब सोडायचा आणि दहाव्याच्या भोकात नुसत्या उकळून गार केलेल्या पाण्याचा. मग दहाही फळं ट्रेमध्ये ओल्या कापसावर मांडायची, प्रत्येकावर काचेची एक हंडी उपडी घालायची आणि सात दिवस वाट बघायची. नऊ सडली आणि दहावं ठणठणीत राहिलं, की सडवलं ते बुरशीनेच, हे सिद्ध झालं. दहावंही सडलं, तर बाकीची नऊ कशाने सडली हे कोण छातीठोक सांगणार? सगळा डोलारा त्या दहाव्यावर. त्यालाच पाण्याचं फळ म्हणत.

आता जगात इतर ठिकाणीही टोमॅटो टोचले जात होतेच. तिथे कधीमधी पाण्याचं फळ सडे. मग तिथली माणसं बिचारी साबणसरांना पत्र लिहीत, की आपल्याकडे सडत नाही ते कसं, काही युक्ती असल्यास कळवावी. सरांचं उत्तर ठरलेलं असे. ‘कृपया हात धुवावेत.’ सोबत त्यांनी स्वतः काढलेल्या चित्रांचं पत्रक, ‘हात धुण्याच्या अकरा पायऱ्या’. आठव्या पायरीत अंगठा इतका जाड काढला होता की तो अंगठा आहे हे खाली लिहावं लागलं होतं. पण पत्रक दूरदूर पोचलं, आणि सरांचं नाव त्यांच्या माघारी साबणसर पडलं ते कायमचं.

आपली गोष्ट ज्या बाईची, तिला घरीदारी बुरशीताई म्हणत. नाव नवऱ्याने लाडाने ठेवलं आणि पुढे ते इस्त्रीवाल्यापर्यंत पोचलं. चार वर्षं ती साबणसरांच्या हाताखाली प्रबंध करत होती. विषय होता, टोमॅटो कुजवणाऱ्या बुरश्या कोणती विकरं सोडतात आणि किती. विकर म्हणजे एन्झाइम. प्रबंध मुदतीत जमा झाला नाही, तर तिची नोंदणी रद्द होणार होती आणि चार वर्षं पाण्यात जाणार होती. सहा महिन्यांची मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती, दुसरी मिळत नाही. एवढं एक वाक्य तिच्या डोक्यात पंख्यासारखं फिरत असे.

घरी सासूबाई होत्या. त्यांना सून काय करते हे समजून घ्यायची मनापासून हौस, आणि समजल्यावर त्यातली हवा काढून घ्यायचीही.

“बुरशीला तोंड नसतं, आई,” एकदा भाजी निवडता निवडता बुरशीताईने समजावलं होतं. “दात नसतात, पोट नसतं. मग ती काय करते? फळात विकरं सोडते. फळाच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. डिंकच समजा. ती विकरं तो डिंक विरघळवतात. पेशी सुट्या होतात, फळ मऊ पडतं, पाणी सुटतं, आणि मग बुरशी ते पाणी पिते. आपण आधी खातो मग पचवतो. ती आधी पचवते मग खाते.”

“म्हणजे आपल्या थोरल्या भावजींसारखी,” सासूबाई म्हणाल्या. “त्यांनीही आधी सगळ्यांना सुटं सुटं केलं. मग घर घेतलं.”

“तसंच.”

“पण मला सांग, बुरशी नसली तरी पिकलेला टोमॅटो मऊ पडतोच की गं.”

“थोडा पडतो. फळाचं स्वतःचंही विकर असतं त्यात. पिकताना तयार होतं.”

“मग सगळा आळ बुरशीवर का?”

“म्हणून तर पाण्याचं फळ असतं, आई. आमच्याकडे ते सात दिवस जसंच्या तसं राहतं.”

सासूबाईंनी हातातला टोमॅटो वर करून उजेडात बघितला. “सुईने टोचलेला टोमॅटो ओल्या कापसावर झाकून सात दिवस? आणि जसाच्या तसा?” त्या म्हणाल्या. “माझ्या फ्रिजमध्येसुद्धा राहत नाही.” आणि त्यांनी तो चिरून टाकला. बुरशीताई हसली. चार वर्षं शिकलेल्या माणसाने अशा शंकेला हसायचंच असतं.

हे सगळं नीट चाललं होतं ते मामांना मोतीबिंदू होईपर्यंत.

मामा म्हणजे प्रयोगशाळेतले मदतनीस. एकतीस वर्षं तिथे होते. सकाळी साडेसातला येऊन दिवे लावणं, काचसामान धुणं, कापूस भिजवणं, हंड्या पुसणं ही त्यांची कामं, आणि ती ते इतक्या निगुतीने करत की मामा आहेत हे कुणाच्या लक्षातही येत नसे. त्यांना तीन आठवड्यांची रजा मिळाली. सगळ्यांनी काळजी घ्या म्हटलं, साबणसरांनी डोळ्यांत थेंब घालण्यापूर्वी हात धुवायला सांगितलं, आणि मामा गेले.

बुरशीताईचे शेवटचे तीन संच नेमके त्याच तीन आठवड्यांत होते, आणि तेव्हा दुसऱ्या कुणाचा ट्रे लागलेला नव्हता.

पहिल्या संचात पाचव्या दिवशी पाण्याचं फळ देठाकडून काळपट झालं. सहाव्या दिवशी त्याच्यावर पांढरी लव आली. सातव्या दिवशी ते ट्रेमध्ये असं बसलं, की दहा फळांत पाण्याचं कोणतं हे चिठ्ठी वाचल्याशिवाय कळेना. बुरशीताईच्या तोंडचं पाणी पळालं.

साबणसर आले. ट्रेकडे त्यांनी बघितलंच नाही. “हात,” ते म्हणाले.

तिने हात पुढे केले. सरांनी चष्मा कपाळावर चढवून तिची नखं एकेक करून तपासली. “वरवर स्वच्छ दिसतात,” ते खेदाने म्हणाले. “पण वरवरच्या स्वच्छतेनेच घात होतो. चौथी पायरी नीट करता का?”

“करते, सर.”

“आणि नववी?”

नववी पायरी म्हणजे बोटांच्या बेचक्या. तीही ती करत होती. दुसऱ्या संचासाठी तिने अकरा पायऱ्या दोनदा केल्या, म्हणजे बावीस. फळ पुन्हा सडलं. तिसऱ्या वेळी तिने बाजारातून स्वतः टोमॅटो निवडून आणले, तीन वेळा स्पिरिटने पुसले, सुई दिव्यावर लालभडक केली, पाणी दोनदा उकळलं आणि टोचताना श्वाससुद्धा रोखून धरला. फळाने तिच्या श्वासाची काही कदर केली नाही. तोवर तिच्या हातांची सालं निघाली होती. भांड्यांना हात लावला की आग होई, म्हणून घरी नवरा भांडी घासू लागला आणि सासूबाई ‘विज्ञानाचा हा एक फायदा’ म्हणाल्या.

खात्यातली माणसं तिच्यापासून दोन हात लांब राहू लागली. तिने वापरलेला पेन कुणी घेईना. चहाच्या वेळी तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा सडलं होतं, तेही लागोपाठ तीनदा, आणि एकाच बाईच्या हातून.

एक गोष्ट मात्र तिने केली आणि कुणाला सांगितली नाही. सवयीने म्हणा, रागाने म्हणा, तिने ती तीन सडलेली पाण्याची फळं फेकण्याआधी त्यांचा रस काढून मोजला. मोजणी सोपी असते. पेक्टिनचा घट्ट द्राव काचेच्या वाकड्या नळीतून खाली यायला किती सेकंद लागतात ते बघायचं, मग त्यात रस मिसळून पुन्हा बघायचं. रसात विकर असलं की द्राव पातळ होतो आणि सरसर खाली येतो. चार वर्षं पाण्याच्या फळाचा रस घातला तरी द्राव आपला जेमतेम सरकत असे. या तीन फळांच्या रसाने तो धावतच आला. त्यातल्या एका फळाच्या आतला गर तिने बशीत घालून ठेवला, तर त्यात बुरशी उगवलीच नाही. बुरशी वरवर देठापाशीच होती. आत तर ती पोचलीही नव्हती, आणि आतला गर तरीही मऊ आणि विकराने भरलेला. तिने हे आकडे वहीच्या शेवटच्या पानांवर उलट्या बाजूने लिहिले. पुढच्या पानांवर लिहायची तिची हिंमत झाली नाही.

मामा काळा चष्मा लावून कामावर आले आणि चौथ्या संचातलं पाण्याचं फळ सातव्या दिवशी लखलखीत निघालं.

“बघा!” साबणसर म्हणाले. “सांगत होतो की नाही? हात!” त्यांनी सगळ्यांना बोलावून ते फळ दाखवलं. शेजारची खुर्ची पुन्हा भरली. बुरशीताई इतकी आनंदली की घरी जाताना तिने सगळ्यांसाठी आइस्क्रीम नेलं.

सासूबाईंनी आइस्क्रीम खाल्लं, वाटी चाटूनपुसून ठेवली आणि विचारलं, “मामा गेले आणि सडलं. मामा आले आणि सडायचं थांबलं. मग तू हात कशाला घासत होतीस? मामांना विचार की.”

“मामांचा काय संबंध, आई? ते फक्त हंड्या पुसतात.”

“बरं,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचं ‘बरं’ असं असे की त्यावर कुणाला झोप लागू नये.

दुसऱ्या दिवशी बुरशीताई सव्वासातलाच प्रयोगशाळेत पोचली. मामा तिच्याआधी आलेले होते. बेसिनखालचं दार उघडं होतं आणि आत एक टोपली होती, तिच्यावर ओलं फडकं. मामांनी फडकं बाजूला केलं, आतले टोमॅटो एकेक करून हातात तोलले, आणि त्यातला एक, बुरशीताईने मागाहून लावलेल्या पाचव्या ट्रेमधल्या दहाव्या फळाशेजारी धरून आकार पडताळून बघितला. मग सुई दिव्यावर धरली, ठरलेल्या जागी टोचली, निर्जंतुक पाण्याचा थेंब सोडला. जुनं फळ उचललं, नवं ठेवलं, हंडी पुसून वर घातली. सगळं इतकं सफाईने, की बुरशीताईला आधी वाटलं, आपणच काहीतरी विसरलो आहोत आणि हीही एक पायरी असेल.

“या ताई, झालंच,” मामा म्हणाले. ते दचकले नाहीत, की त्यांनी काही लपवलं नाही.

“मामा, हे काय करताय?”

“पाण्याचं बदलतोय. काल जरा देठाकडे शंका आली होती.”

“रोज बदलता?”

“रोज कशाला? शंका आली की. सातात दोनदा, उन्हाळ्यात तीनदा.” मग तिचा चेहरा बघून ते गोंधळले. “तुम्हाला माहीत नव्हतं? मला वाटलं, सगळ्यांना माहीत असेल.”

बुरशीताई स्टुलावर बसली. मामांनी तिला सगळं सांगितलं, आणि सांगताना त्यांचा ऊर थोडा भरून आला होता. कामाला लागून त्यांना तेव्हा महिनाही झाला नव्हता. सर तेव्हा तरुण, रागीट. एक पाण्याचं फळ सडलं. सरांनी सगळ्यांसमोर मामांना उभं केलं आणि म्हणाले, तुमच्या गलथानपणाने सडलं, यापुढे पाण्याचं फळ सडलेलं मला दिसलं तर उद्यापासून येऊ नका. “तेव्हापासून, ताई, त्यांना एकही दिसलेलं नाही,” मामा म्हणाले. “एकतीस वर्षं. टोमॅटो घरच्या परसातले आणतो. एकाच आकाराचे पडावेत म्हणून वेल निवडून ठेवलेत. सुट्टीच्या दिवशीही येऊन बघून जातो. रजा घेतली नव्हती ती त्यासाठीच. डोळा अगदीच गेला म्हणून घेतली, आणि तुमच्यावर ते संकट आलं. मला फार वाईट वाटलं.”

या माणसावर ओरडावं की त्याच्या पाया पडावं हे तिला कळेना. तिला रडू येत होतं आणि त्यातच हसूही. चार वर्षांचे तिचे आकडे, त्या आधीच्या सत्तावीस वर्षांचे सगळ्यांचे आकडे, कपाटभर प्रबंध, अकरा पायऱ्या आणि तो जाड अंगठा, हे सगळं या बेसिनखालच्या टोपलीवर उभं होतं. पाण्याच्या फळात विकर सापडत नसे, कारण ते फळ दोन-तीन दिवसांपूर्वीपर्यंत मामांच्या परसात वेलावर लटकत असे.

ती सरळ साबणसरांच्या खोलीत गेली. खरंच गेली, हे तिच्या बाजूने नोंदवून ठेवायला हवं.

“सर, पाण्याच्या फळाबद्दल थोडं बोलायचं होतं. मला वाटतं, ते आपोआपही...”

सरांनी हात वर केला. “आपोआप हा शब्द आपल्या खात्यात वापरत नाहीत,” ते म्हणाले. “आपोआप काही सडत नसतं. कुणाचे तरी हात असतात. तुमचे आता स्वच्छ झालेत, छान झालं. प्रबंध केव्हा देताय? एकोणतीस तारीख ना?”

एकोणतीसच होती. अकरा दिवस उरले होते. ती म्हणाली, “हो सर.” आणि बाहेर आली. पुढचे अकरा दिवस तिने प्रबंध टाइप केला. ‘पाण्याच्या फळात विकर नगण्य आढळले’ हे वाक्य तिने चौदा वेळा लिहिलं आणि दर वेळी बोट अडखळलं. पण अडखळलेलं बोट प्रबंधात दिसत नाही. एकोणतीस तारखेला निळ्या कापडी बांधणीच्या पाच प्रती जमा झाल्या. त्या दिवशी तिला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक बाई आल्या. पानांवरच्या ठिपक्यांच्या रोगांमध्ये त्यांचं मोठं नाव होतं. साबणसरांनी त्यांना मुद्दाम निवडलं होतं, कारण पानांवरची माणसं फळांबद्दल फार खोलात शिरत नाहीत असा त्यांचा अनुभव होता. बाई ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, बोलायला कमी. बोटांच्या पेरांवर कातडी जाड झालेली, जुन्या भेगा भरून आल्यासारखी.

त्या खात्याची एक रीत होती. परीक्षेच्या सात दिवस आधी विद्यार्थ्याने एक ट्रे लावायचा आणि परीक्षेच्या शेवटी तो सगळ्यांसमोर उघडून दाखवायचा. बुरशीताईने ट्रे लावला होता, आणि मामांना काहीच सांगितलं नव्हतं. बदला म्हटलं नाही, बदलू नका म्हटलं नाही. ज्या गोष्टीवर बोलायचं धाडस नसतं, ती दुसऱ्यावर सोपवून माणूस मोकळा होतो. तीही तशी मोकळी झाली होती.

प्रश्नोत्तरं झाली. ट्रे आला. नऊ हंड्या उचलल्या, नऊ फळं रीतसर सडलेली. दहावी हंडी साबणसरांनी स्वतःच्या हाताने उचलली आणि ते दोन पावलं मागे सरले. टोमॅटो लालबुंद, टणक.

परीक्षक बाई खाली वाकल्या. त्यांनी पर्समधून भिंग काढलं. फळाकडे बराच वेळ बघितलं.

“फार सुंदर,” त्या म्हणाल्या. “सात दिवस झाले याला?”

“सात,” सर म्हणाले.

“सुईचं भोक मात्र आजचं दिसतंय. कडा ओल्या आहेत. बाकी नऊ फळांच्या भोकांच्या कडा सुकून तपकिरी झाल्यात.” त्या सरळ झाल्या आणि दाराशी उभ्या असलेल्या मामांकडे वळल्या. “हा ट्रे इतका नीटनेटका कोण ठेवतं? तुम्ही?”

एकतीस वर्षांत मामांना असं कुणी विचारलं नव्हतं. ते पुढे आले. “होय बाई. आज सकाळीच बदललंय. ताईंची परीक्षा म्हणून घरचा सगळ्यात चांगला आणला.”

साबणसरांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. “यांचं ऑपरेशन झालंय,” ते म्हणाले. “डोळ्यांचं. काहीतरी गोंधळ...”

“सर, तुम्हीच तर सांगितलं होतं,” मामा म्हणाले, आणि एकतीस वर्षांपूर्वीचं सरांचं ते वाक्य त्यांनी जसंच्या तसं म्हणून दाखवलं. सरांना ते आठवत नव्हतं. बोलणाऱ्याला कुठे आठवतं?

परीक्षक बाई खुर्चीत बसल्या. त्यांनी भिंग मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं.

“एकोणीस वर्षांपूर्वी मी तुम्हाला पत्र लिहिलं होतं,” त्या सरांना म्हणाल्या. “मीही टोमॅटोवरच होते. माझं पाण्याचं फळ दर वेळी सडायचं. तुमचं पत्रक आलं. आमच्या सरांनी ते माझ्या टेबलासमोर भिंतीवर लावलं. मी वर्षभर हात धुतले. रक्त येईपर्यंत धुतले. मग मी टोमॅटो सोडले आणि पानांकडे वळले. मला वाटलं, माझ्या हातातच काहीतरी आहे.”

हे त्या मोठ्याने बोलल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. म्हणूनच बुरशीताईला ते सोसवेना. तिच्या स्वतःच्या हातांची सालं अजून पुरती भरली नव्हती.

“तुम्हाला हे माहीत होतं?” बाईंनी तिला विचारलं.

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. मामांनीही मान हलवून तिला तेच सुचवलं. साबणसरांनी तर तिच्याकडे इतक्या आशेने कधीच बघितलं नव्हतं.

“होतं,” बुरशीताई म्हणाली. “प्रबंध देण्याआधी अकरा दिवस. सांगायला गेले होते, पण न सांगता परत आले.” मग तिने पिशवीतून वही काढली, उलटी केली आणि शेवटची पानं उघडून बाईंसमोर ठेवली. “मामा रजेवर होते तेव्हाचे हे आकडे आहेत. तीन पाण्याची फळं, तिन्ही सडलेली. यात कुणाचा हात नाही.”

बाईंनी ती तीन पानं दोनदा वाचली. निळ्या बांधणीचा तीनशे पानांचा प्रबंध त्यांनी एका हाताने बाजूला सरकवला.

“हा मला पास करता येत नाही,” त्या म्हणाल्या. “पण परीक्षकाने सुधारणेसाठी परत पाठवला तर एक वर्ष मिळतं, नोंदणी रद्द होत नाही. मागच्या पानांवरचं पुढे आणा. पाण्याचं फळ सडू द्या आणि काय होतं ते लिहा.”

चार वर्षं गेली ती गेलीच. बुरशीताई घरी जाऊन रडली, सासूबाईंनी तिला रडू दिलं, आणि ‘मी म्हटलं होतं’ हे वाक्य त्यांनी त्या दिवशी उच्चारलं नाही. त्यांना ते किती जड गेलं असेल हे ओळखणाऱ्यांनीच ओळखावं. ते त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी उच्चारलं.

खात्यात समिती बसली. समितीने तीन बैठका घेऊन असा निष्कर्ष काढला, की घडलं ते कुणाच्याही चुकीमुळे घडलं नसून अतिदक्षतेमुळे घडलं. मामांना लेखी आदेश मिळाला, की ट्रेच्या एक मीटर आत येऊ नये. साबणसरांनी दोनच महिन्यांत ‘फळाची अंतर्गत कूज : एक दुर्लक्षित विषय’ यावर व्याख्यान दिलं. पाण्याच्या फळाबद्दल आपल्याला पहिल्यापासून शंका होती, असं ते त्यात म्हणाले आणि टाळ्याही पडल्या. पत्रकात बारावी पायरी आली, ‘स्वतः टोचलेले फळ स्वतःच पाहावे’. चित्रातला अंगठा होता तसाच राहिला.

बुरशीताईने नवा ट्रे लावला. या वेळी पाच बुरशीची आणि पाच पाण्याची फळं. मामा रोज सकाळी येत, जमिनीवर खडूने आखलेल्या एक मीटरच्या रेषेबाहेर हात मागे बांधून उभे राहत आणि काचेखालच्या फळांकडे बघत. चौथ्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

“ताई, ते तिसरं. देठाकडे शंका आहे.”

“हो मामा. दिसतंय मला.”

“एवढं एकच बदलू का? बाईंना काय वाटेल?”

“नको मामा.”

त्यांनी तोंड फिरवलं. आजारी माणसाला औषध न देता नुसतं बघत बसायला लावावं, तसे ते दिसत होते.

पाचव्या दिवशी सकाळी बुरशीताईने परीक्षक बाईंना फोन लावला. त्यांनीच सांगून ठेवलं होतं, जे होईल ते आधी मला कळवा.

“सडलं का?” पलीकडून लगेच आवाज आला. फोन हातातच धरून बसल्या असाव्यात.

“सडलं.”

“कुठून सुरुवात झाली? सुईच्या भोकातून?”

“नाही. भोक कोरडं आहे. देठाकडून.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“माझंही देठाकडूनच सुरू व्हायचं,” मग बाई म्हणाल्या. “पाचव्याच दिवशी.” त्या खाकरल्या. “एक फोटो पाठवाल का? नीट, उजेडात काढा.”

बुरशीताईने मोबाइल पुढे धरला, पण काचेवर बाष्प साचून आतलं काही दिसेना. तिने मामांकडे बघितलं. मामांनी खडूची रेष ओलांडली, हंडी अलगद उचलली, स्वच्छ फडक्याने आतून बाहेरून पुसली आणि उजेडाकडे धरून एकदा तपासली. मग ती त्या सडलेल्या फळावर परत ठेवली. फळाला त्यांनी हात लावला नाही.